पोटातल्या नसांची नोंद घ्यायला यंत्र आत बसवावं का?

रामबागकर
आमच्या काकांना जुना डायबिटीस. आता जठरच मंदावलंय, दुपारचा वरणभात रात्री उलटून पडतो. एंडोस्कोपी स्वच्छ, सोनोग्राफी स्वच्छ. शेवटी किरणोत्सर्गी खूण मिसळलेलं जेवण देऊन चार तास फोटो काढले, तेव्हा निदान झालं. चार तासांनी दहा टक्क्यांहून जास्त अन्न जठरात उरलं तर गडबड, असा हिशेब. (मूळ चाचणी अंड्याच्या पांढऱ्यावर बेतलेली. काका माळकरी. त्यांना दुसरं काही खाऊ घातलं, मग आकडे जुळवायचे कशाशी, हा वाद वेगळाच.)

पण ही चाचणी उशीर सांगते, कारण सांगत नाही. पचनमार्गाच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त चेतापेशी, म्हणजे नसांच्या पेशी, आहेत, आणि त्यांचं काय चाललंय ते जिवंत माणसात ऐकायची सोय नाही. अलीकडे केंब्रिज आणि डार्टमथच्या संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या भिंतीच्या थरांमध्ये सरकवता येईल अशी पातळ, लवचीक, विजेचे सिग्नल टिपणारी इलेक्ट्रोडपट्टी करून उंदरांत आणि डुकरांत नोंदी घेतल्या. माझं मत स्पष्ट आहे: हे माणसांत यायला हवं, आणि लवकर. हृदयाला ईसीजी, मेंदूला ईईजी, पोटालाच काय म्हणून अंधारात ठेवायचं?

तिलकनगरची ताई
ईसीजी कातडीवरून काढतात हो, कुणी छाती फाडत नाही. पोटाचीही तशी नोंद अल्वारेझ नावाच्या डॉक्टरने १९२१ सालीच अमेरिकेत घेतली होती. शंभर वर्षं झाली, एम. जी. रोडवरच्या किती दवाखान्यांत ते मशीन दिसलं तुम्हाला? वरवरची सोपी पद्धतच रुजली नाही, आणि तुम्ही निघालात आत पट्टी घालायला.

सर्किटवाला
ताई, ती रुजली नाही कारण तिच्यातून नसा कळतच नाहीत. कातडीवर पोचतात त्या संथ लाटा. त्या काहालच्या पेशींतून, म्हणजे पोटाची लय ठरवणाऱ्या पेशींतून, निघतात, जठरात मिनिटाला साधारण तीन, लहान आतड्याच्या सुरुवातीला बारा. चेतापेशींचे विजेचे ठोके मायक्रोव्होल्टमधले आणि मिलिसेकंदांचे, स्नायूंच्या दोन थरांमधल्या जाळ्यात चालणारे. बाहेरून ते सापडायचे नाहीत. तेव्हा 'आत' जावं लागेल हे रामबागकरांचं खरं.

पण 'लवकर' हे मला पटत नाही. भिंत काही मिलिमीटर जाडीची, आणि ती दिवसभर आवळते, सैलावते, सरकते. नोंदीत दिसलेला ठोका नसेचा की इलेक्ट्रोड हलल्याचा, हे ओळखणं हेच निम्मं काम. त्यात शरीर परक्या वस्तूभोवती व्रणाचं आवरण चढवतं, मग सिग्नल आणखी मंद. आणि भोक पडलं तर आतली घाण पोटाच्या पोकळीत. ते जिवावरचं.

भिया_इंदौरी
माझी नोंद घेऊ नका भिया. रात्री बारा वाजता सराफ्यात भुट्ट्याचा कीस, वर गराडू. यंत्रच राजीनामा देईल.

रामबागकर
विषयावर या.

तिलकनगरची ताई
विषयावरच येते. जठराला विजेचे ठोके देणारं यंत्र आहे, २००० साली अमेरिकेत त्याला खास सवलतीची परवानगी मिळाली. २०२० साली फ्रान्समधल्या १७२ रुग्णांच्या चाचणीचे निकाल छापून आले. यंत्र चालू असताना उलट्या कमी झाल्या, पण जठर रिकामं व्हायचा वेग वाढला नाही आणि रोजच्या जगण्याच्या मोजमापात फरक दिसला नाही. उपचार करणाऱ्या यंत्राची ही कथा. तुमचं तर नुसतं ऐकणार!

आणि कंपनीनेच हात वर केले तर? अंधांना थोडं दिसावं म्हणून डोळ्यात बसवायच्या आर्गस यंत्राचं तेच झालं. कंपनीने पाठबळ काढून घेतलं, आणि लोक बंद पडलेलं यंत्र डोळ्यात घेऊन बसले.

रामबागकर
ती फ्रेंच चाचणी माझ्याच बाजूची आहे, ताई. यंत्र बसवण्याआधी एकाच्याही जठरातल्या नसा कुणी ऐकल्या नव्हत्या. कुणाच्या नसा शाबूत, कुणाच्या गेलेल्या, सगळ्यांना एकच मात्रा. मग सरासरी फिकीच येणार. आधी नोंद, मग निवड, एवढंच म्हणतोय.

तिलकनगरची ताई
ही तुमची आशा झाली, पुरावा नाही. निव्वळ ऐकण्यासाठी धडधाकट भिंतीत चीर देणं मला मान्य नाही.

सर्किटवाला
मधला रस्ता: ज्यांचं पोट कुठल्याशा कारणाने उघडायचंच आहे, त्यांच्यात संमती घेऊन तेवढ्या वेळात नोंद घ्यावी.

तिलकनगरची ताई
भुलीत? भुलीच्या औषधांनी आतडं सुस्तावतं. नोंद मिळेल ती औषधाची.

रामबागकर
म्हणून पट्टी दोन-तीन दिवस राहू द्यावी. बायपासनंतर हृदयावर तात्पुरत्या तारा ठेवतात आणि काही दिवसांनी ओढून काढतात, तशी. कायमचं यंत्र नाही, बॅटरी नाही, कंपनी बुडाली तरी फिकीर नाही.

तिलकनगरची ताई
हृदयाच्या पलीकडे जंतूंचं कोठार नसतं. मोठ्या आतड्याला तरी हात लावू नका. जठरावर करायचं असेल, आणि तार काढताना गळती होत नाही हे आधी डुकरांत दाखवलं असेल, तर मी ऐकून घेईन. आणि त्यापायी वाढलेले दोन-तीन दिवस पेशंटच्या बिलात नकोत. तपासणी संशोधकांची, तर खाटेचे पैसेही त्यांनीच भरायचे.