बॉटने एकगठ्ठा मेसेज उडवण्याआधी यादी दाखवलीच पाहिजे

पहाटपाळी
डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवरच्या एका अभ्यासगटाची मी मॉडरेटर आहे. एका स्पॅमवाल्याचे मेसेज काढायला मी बॉटला (आपोआप कामं करणाऱ्या प्रोग्रामला) ‘शेवटचे १००’ असा हुकूम दिला, त्याचं नाव जोडायचं राहून गेलं. क्षणात स्पॅमचे ११ मेसेज गेले आणि त्यांच्यासोबत आमच्या शंका-उत्तरांचे ८९. एका मुलीने पायरीपायरीने सोडवून दाखवलेलं गणितही त्यातच गेलं. डिस्कॉर्डवर कचरापेटी नाही, गेलं ते गेलं. ऑडिट लॉगमध्ये, म्हणजे मॉडरेटरांच्या कामांच्या नोंदवहीत, कुठल्या चॅनेलमधून (गटातल्या कुठल्या दालनातून) किती मेसेज उडाले एवढंच राहतं, मजकूर राहत नाही. करणारा म्हणूनही बॉटचंच नाव लागतं, हुकूम देणाऱ्या माणसाचं नाही.
म्हणून माझं ठाम मत झालंय: काय काय जाणार ते बॉटने आधी दाखवावं, आणि माणसाने ‘हो’ म्हटल्यावरच हात लावावा.

दारवान
तुमचं नुकसान वाईट झालं, पण नियम चुकीचा काढताय. चाळीस-पन्नास खाती एकदम घुसून किळसवाणी चित्रं ओतायला लागतात तेव्हा यादी वाचत बसायचं का? तेवढ्या वेळात ती चित्रं शेकडो लोक बघतात, त्यांत शाळकरी मुलं असतात. मी हे दोनदा अनुभवलंय. शिवाय मर्यादा आहेतच की. बॉटच्या एका विनंतीत जास्तीत जास्त १०० मेसेज, आणि १४ दिवसांपेक्षा जुना एक जरी त्यात असला तरी सगळी विनंती फेटाळली जाते. जुना ठेवा सुरक्षितच असतो.

पहाटपाळी
तो तसा सुरक्षित नाही, आणि हाच गैरसमज मोडायला हवा. १४ दिवसांची अट फक्त एकगठ्ठा डिलीटला आहे. एकेक मेसेज डिलीट करायला ती लागू नाही. बॉट लिहिणाऱ्यांच्या नेहमीच्या वापरातली डिस्कॉर्ड डॉट पाय ही तयार कोडची लायब्ररीच घ्या. तिच्या ‘पर्ज’ला (एकदम मेसेज उडवण्याच्या हुकमाला) जुने मेसेज लागले की ती आपण होऊन एकेक उडवू लागते. वेग कमी होतो, पण काम थांबत नाही.
आकड्याचंही तसंच. ‘अमक्याचे १००’ म्हटल्यावर एक बॉट शेवटचे १०० मेसेज चाळून त्यातले त्याचे तेवढे काढतो, तर दुसरा त्याचे १०० पुरे होईपर्यंत मागे मागे जात राहतो. हुकूम तोच, परिणाम वेगळा. आपल्या बॉटची रीत कुठली, हे रिकाम्या चॅनेलमध्ये आधी तपासून बघितलेले मॉडरेटर मला फार थोडे भेटलेत.
हल्ल्यासाठी तर पर्ज लागतच नाही. बॅन करतानाच त्या खात्याचे मागच्या ७ दिवसांपर्यंतचे मेसेज काढता येतात.

दारवान
नव्या खात्यांपुरतं ठीक. पण जुन्या सदस्याचं खातं चोरून त्यावरून स्पॅम आलं तर? बॅनसोबत ७ दिवस उडवलेत, तर त्या बिचाऱ्याचं आठवडाभराचं चांगलं लिखाणही गेलं. तिथे ‘याचे, गेल्या दहा मिनिटांतले’ असा नेमका पर्जच हवा, आणि ताबडतोब हवा.

पहाटपाळी
हे मान्य. नाव आणि वेळ दोन्ही दिले असतील तर यादीशिवाय चालू द्या. माझा विरोध नुसत्या आकड्याला आहे. एरवी घाई असेल तर आधी चॅनेल बघण्याची परवानगीच सर्व साध्या सदस्यांची काढून घ्या. चॅनेल लगेच नजरेआड होतं, त्यांना काही दिसत नाही, मग सावकाश यादी बघा.

कोरी_पाटी
तुम्ही दोघंही फक्त मॉडरेटरच्या बाजूने बोलताय. यादी आली की तिची नक्कल येते, आणि बरेच बॉट ती एखाद्या लॉग चॅनेलमध्ये, म्हणजे नोंदींच्या चॅनेलमध्ये, टाकतात. आमच्या गटात कुणीतरी एका सदस्याचा फोन नंबर आणि पत्ता टाकला होता. मेसेज मिनिटभरात उडवला, सगळे निर्धास्त झाले. नंतर कळलं की तो जसाच्या तसा लॉगमध्ये पडून होता, आणि तो लॉग सोडून गेलेल्या मॉडरेटरांनाही दिसत होता, कारण त्यांची भूमिका (अधिकार देणारा रोल) कोणी काढूनच घेतली नव्हती. जे नाहीसं व्हायला हवं होतं ते तुमच्या ‘सुरक्षित’ पद्धतीने जपून ठेवलं.

पहाटपाळी
हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, आणि तो खरा आहे. असा मजकूर हाताने, एकटा काढावा आणि त्या चॅनेलचा लॉग तेवढ्यापुरता बंद ठेवावा. आधी तक्रार नोंदवावी, कारण उडवलेल्या मेसेजवर बोट ठेवता येत नाही. बाकीच्या लॉगला आठवड्याची मुदत द्यावी. पण लॉगच नको, हे मी मानणार नाही. आमचे ८९ मेसेज लॉग असता तर परत लिहून काढता आले असते.

कोरी_पाटी
मुदत कोण पाळणार? तोच बॉट, म्हणजे आणखी एक आपोआप चालणारा पर्ज. लिहिणाऱ्याने स्वतः डिलीट केलेल्या मेसेजची नक्कल तर एक दिवसही ठेवायचा तुम्हाला हक्क नाही. ती नोंद आधी बंद करा, मग मुदतीचं बोलू.

दारवान
चॅनेल नजरेआड करण्याची युक्ती मी आज रात्रीच लावून बघतो. मात्र हल्ला वीस चॅनेलांत पसरलेला असला आणि मी एकटाच जागा असलो, तर मी आधी उडवणार, यादी नंतर बघणार.