जुना कॅमेरा काढून टाकू नका, आधी हे करून बघा

इंदूरहून महेश्वरला जाताना घरचा जुना नेटवर्क कॅमेरा मोबाइलवर दिसत नाही, म्हणून नवा घ्यावा का, आणि वाटेत रेंज नसताना नकाशा कसा बघायचा, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर नवा कॅमेरा इतक्यात घेऊ नका.

आमच्याकडेही तीच गत होती. आई एकटी असते, म्हणून जिन्यात लावलेला कॅमेरा फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडायचा, कारण चित्र अ‍ॅक्टिव्ह-एक्स या त्या ब्राउझरपुरत्याच चालणाऱ्या जोडणीतून यायचं. जून 2022मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या ब्राउझरचा सपोर्ट थांबवला. पण अशा बऱ्याच कॅमेऱ्यांत आरटीएसपी, म्हणजे ब्राउझरशिवाय थेट चित्र पाठवायची सोय असते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’ निवडून कॅमेऱ्याचा पत्ता टाका, पोर्ट बहुधा 554. पत्त्याचा शेवटचा भाग प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तो मॅन्युअलमध्ये बघा. आईचा हात कठड्यावर दिसला, तेव्हा केवढं हायसं वाटलं!

मात्र बाहेरून बघण्यासाठी राउटरवर कॅमेऱ्याचं पोर्ट फॉरवर्डिंग करू नका, म्हणजे कॅमेरा थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, ही कळकळीची विनंती. जुन्या कॅमेऱ्यांचे अपडेट बंद झालेले असतात. 2016मध्ये मिराई नावाच्या व्हायरससारख्या घातक प्रोग्रॅमने असेच कारखान्याचा पासवर्ड न बदललेले कॅमेरे ताब्यात घेतले होते. त्याऐवजी घरच्या एखाद्या चालू कॉम्प्युटरवर वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित रस्ता, बसवा; राउटरवर फक्त त्याचंच पोर्ट उघडावं लागतं. इंटरनेटवाल्याने स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता, दिला नसेल, तर टेलस्केल हे तसंच दुसरं व्हीपीएन चालतं.

नकाशाचं म्हणाल, तर महूच्या पुढे जाम गेटच्या घाटात आमची रेंज गेली होती. ऑर्गॅनिक मॅप्स या ऑफलाइन नकाशाच्या अ‍ॅपमध्ये मध्य प्रदेशचा नकाशा घरीच उतरवून घ्या. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. कॅमेऱ्याला मात्र इंटरनेट लागतं, म्हणून तो घाटापुढच्या मंडलेश्वरला पोचल्यावरच बघा.