चितळांच्या आवारात गवत टिकत नाही, झाडंही सोलली जातायत

माळरान_पुणे:
पावसाळ्यात आवार हिरवं होतं, दिवाळीनंतर जमीन उघडी. उरतो टाकळा आणि गाजरगवत. शिरीष, कडुनिंबाची सालही कमरेच्या उंचीपर्यंत गेली आहे. चितळं कमी करण्याखेरीज काही उपाय?

खुरपं:
संख्या बघाच, पण आधी गव्हाण आणि पाणी कुठे आहे ते बघा. ओल्या काळ्या मातीत खुरं रुतली की मातीतल्या पोकळ्या बुजतात. वाळल्यावर वरचा थर फरशीसारखा होतो, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी १० मिमीची सळई हाताने दाबा. ६ इंचही गेली नाही तर नुसतं बी फेकणं म्हणजे पाखरांना दाणे. आधी जमीन खणून शेणखत मिसळा.
गव्हाणीभोवती मुरूम टाका, तिथे गवताचा नाद सोडा. लघवीने ते जळणारच. बाकी आवार कुंपणाने दोन भागांत करा. जूनमध्ये एका भागात मारवेल गवताची ठोंबं दीड-दीड फुटावर लावा आणि बी पडेपर्यंत चितळं आत सोडू नका. नंतर चितळं आत सोडा आणि गवत चार बोटं उरलं की त्यांना बाहेर काढा. टाकळा फुलायच्या आत उपटायचा.

शिंगाडे_काका:
सालीचं कारण खुणांवरून कळतं. खोड घासून गुळगुळीत आणि सालीच्या धांदोट्या लोंबत असतील तर नरांची शिंगं. दातांचे ओरखडे असतील तर साल खाल्ली जातेय. वड, उंबर, बोरीच्या ताज्या फांद्या जास्त खायला द्या.
साल गोल पूर्ण निघाली असेल तर पानं हिरवी आहेत म्हणून फसू नका. लाकडातून पाणी वर चढतं, पण पानांतलं अन्न मुळांना पोचत नाही. झाड सावकाश मरतं.
उरलेल्या झाडांना २ इंची वेल्डमेश (वेल्ड केलेली लोखंडी जाळी), ६ फूट उंच, खोडापासून २ फूट लांब. खोडालाच गुंडाळली तर पुढे ती सालीत रुतते. सैल तार, नायलॉन दोरी अजिबात नको, शिंगं अडकतात.

माळरान_पुणे:
रिकाम्या जागी कण्हेर लावली तर? जनावरं खात नाहीत म्हणतात.

खुरपं:
नको! चारा कमी पडला की तोंड लावतात, आणि कण्हेरीची वाळलेली पानंसुद्धा हृदयाला विषारी. घाणेरीही नको, ती यकृतावर जाते. बोर आणि आवळ्याची फळं खाऊन चितळं रवंथ करताना बिया टाकतात. कण्हेरीपेक्षा त्या बियांचं रोप दिसलं की तिथल्या तिथे जाळी ठोका.