कोंबडी उन्हाने मलूल झालीय, काय करू?

कालपासून आमची एक कोंबडी नुसती कोपऱ्यात बसून आहे, चोच उघडी ठेवून धापा टाकतेय, पंख अंगापासून लांब धरलेत आणि दाण्याकडे बघत पण नाही. बाकीच्या दोघी ठीक आहेत. खूप काळजी वाटतेय, प्लीज लवकर सांगा.

उत्तर :
आधी तिला सावलीत, हवा खेळती असेल तिथे हलवा. कोंबडीला घाम येत नाही, त्यामुळे मुख्यतः धापा टाकून आणि तुरा, पाय यातून ती उष्णता बाहेर टाकते. म्हणून पसरट टबमध्ये साधं गार पाणी घेऊन तिचे फक्त पाय बुडवा, बर्फाचं पाणी अजिबात नको, एकदम धक्का बसतो. पाणी जबरदस्तीने घशात ओतू नका, श्वासनलिकेत जातं. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, ती स्वतः गिळेल.

उत्तर :
तुरा कसा दिसतोय? फिकट की जांभळट? आणि शेपटी खाली टाकून सारखी जोर लावत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं, ते नुसत्या उन्हाचं नाही. माझ्या एका कोंबडीचं मी ऊन ऊन म्हणत दोन दिवस घालवले आणि ती गेली, अजून वाईट वाटतं. तुम्ही थांबू नका, तासाभरात उठली नाही तर सरळ पशुवैद्यांकडे न्या.

प्रश्नकर्ती :
पाय बुडवले, दहा मिनिटांत चोच मिटली!! आत्ता स्वतःहून पाणी प्यायली. तुरा लालच आहे. तरी संध्याकाळी दाखवून आणते.