पिकअपचा नवीन सायलेन्सर टाकला तरी आवाज तोच, नक्की गेलंय काय?

ओतूरचा_पिकअपवाला
नमस्कार मंडळी. गाडी 2018 ची पिकअप, बीएस 4 टर्बो डिझेल, 1 लाख 80 हजार पळालीय. ओतूरवरून वाशी मार्केटला माल टाकतो, आठवड्याला चार फेऱ्या. दोन महिने झाले आवाज फुटलाय, जाताना लोड असतो पण उतार असतो म्हणून चालून जातं, येताना रिकामी क्रेटं घेऊन माळशेज चढायला लागलो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. रात्री अडीचला गाडी काढली की अख्खी आळी उठते, आता तर आई पण म्हणते गाडी रोडला लावत जा. मेकॅनिक म्हणाला सायलेन्सर गेला, साडेचार हजार घालून नवा टाकला, दोन दिवस बरं वाटलं (का मनाचा खेळ होता माहीत नाही) आणि परत तेच. आता म्हणतोय मागचा पाईप पण बदलू. काच खाली असली की धुराचा वास आत येतो. कुणाला अनुभव असेल तर सांगा, अजून पैसे घालवायची इच्छा नाही.

घाटराजा
भाऊ सायलेन्सर आतून रिकामा करून टाक, डायरेक्ट पाईप. गाडीची ओढ वाढते आणि आवाजाचं टेन्शनच नाही, मग तो मुद्दाम केलेला आवाज 😄

गॅरेजवाला_काका
घाटराजा, गरिबाला खड्ड्यात घालू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 190(2) (आवाज-धुराचे नियम मोडल्याचं) लागलं तर 10 हजारापर्यंत दंड आहे, आणि त्याची गळती पुढं असेल तर मागं काहीही केलं तरी वास आतच येणार.

ओतूरकर, आवाज मागून येतोय असं वाटतं पण फुटलेलं पुढंच असतं बऱ्याचदा, पत्र्याला आदळून सगळीकडून ऐकू येतं. त्यामुळं आधी काही बदलू नका, शोधा. सकाळी गाडी एकदम गार असताना चालू करा आणि दुसऱ्याला जाड ओलं फडकं धरून मागचा पाईप दोन-तीन सेकंद दाबायला सांगा, तुम्ही बाजूला वाकून ऐका. सिस्टीम धड असेल तर इंजिन दबल्यासारखं होतं, फुटकं असेल तर तिथनं फुस्स येतं. मग गाडी बंद करून पिटवर घ्या (नुसत्या जॅकवर खाली शिरू नका रे बाबांनो) आणि काजळी बघा. डिझेलला हे सोपं आहे, गळती असली की तिथं काळा पंखा उमटतो.

आणि आवाज कसला आहे ते सांगा. गार असताना टिकटिक आणि गरम झाल्यावर कमी, तर मॅनिफोल्डचं (इंजिनला चिकटून धूर गोळा करणारा पहिला पाईप) पॅकिंग गेलंय किंवा त्याचा स्टड, म्हणजे बोल्ट, तुटलाय, लोखंड फुगलं की फट मिटते म्हणून कमी होतो. रेस दिल्यावर शिट्टी, काळा धूर आणि ओढ नाही, तर तो सायलेन्सरचा विषयच नाही, टर्बोचा हवेचा होज बघा. मागं सायलेन्सरचा डबा खडखडतोय तर आतली पट्टी सुटलीय. फडफड फडफड असेल तर जाळीचा पाईप, म्हणजे इंजिन आणि सायलेन्सरच्या मधला लवचिक पाईप, फाटलाय.

अजून एक, तोवर मार्केटला नंबर लागेपर्यंत गाडी चालू ठेवून केबिनमध्ये झोपत असाल तर ते आजपासून बंद. धुरातला विषारी गॅस (कार्बन मोनॉक्साईड) वासावरनं कळत नाही.

ओतूरचा_पिकअपवाला
काका फडफडच आहे. आज फडकं लावून बघितलं, आवाज गिअरबॉक्सच्या पुढं आला. खाली शिरलो तर जाळीचा पाईप वरच्या बाजूनं फाटलेला, खालनं नुसतं बघितलं तर दिसतच नाही, हात फिरवल्यावर बोट आत गेलं. चेसिसला वीतभर काजळी. गंमत म्हणजे हाच पाईप मागच्या दिवाळीत फाटला होता तेव्हा वेल्डिंग मारून घेतलं होतं.

गॅरेजवाला_काका
मग अजून संपलं नाही. जाळीचा पाईप असतोच कशासाठी, इंजिन हलतं आणि मागची लाईन चेसिसला टांगलेली, मधला ताण तो खातो. त्याला वेल्डिंग मारलं की तो कडक झाला, शेजारून फाटणारच. आणि सहा-आठ महिन्यात दोनदा म्हणजे इंजिन जास्त हलतंय. बॉनेट उघडा, हँडब्रेक आणि फूटब्रेक दोन्ही दाबून पहिल्या गिअरला हाफ क्लच जरासा सोडायला लावा, तुम्ही बाजूला उभं राहून बघा, पुढं नाही. इंजिन एका बाजूनं उचलत असेल तर फाउंडेशन रबर (इंजिन ज्यावर टेकलेलं असतं ते) गेलंय. सायलेन्सर टांगायची रबरं पण बघा, एक तुटलं असलं तरी सगळं वजन पाईपवर येतं.

नगरी_ड्रायव्हर
काकांचं बरोबर आहे. एक माझ्याकडून, नवीन पाईप वेल्डिंगनं बसवणार असाल तर बॅटरीची निगेटिव्ह काढायला सांगा आणि अर्थिंगची पकड वेल्डिंगच्या जवळ लावायला लावा. माझ्या टेम्पोला एकानं तसंच मारलं, काम दहा मिनिटांचं आणि ईसीएमच्या (इंजिनचा कॉम्प्युटर) मागं मी पंधरा दिवस फिरत होतो. फ्लांजचे (पाईपच्या जोडाच्या चकतीचे) नट गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंजाचं तेल मारून ठेवा, ताकद लावली की स्टड तुटतो आणि तीनशेचं काम तीन हजारावर जातं. पॅकिंग नवीनच टाका, जुनं परत बसवलं की आठवड्यात फुसफुस सुरू.

ओतूरचा_पिकअपवाला
झालं एकदाचं. उजव्या बाजूचं फाउंडेशन रबर पार फाटून लोखंडाला लोखंड लागलेलं, मागचं टांगायचं एक रबर गायबच. दोन्ही रबरं, जाळीचा पाईप आणि पॅकिंग सगळं मिळून सायलेन्सरपेक्षा कमीच गेले. काल रात्री माळशेज चढलो, दोन महिन्यांनी रेडिओ ऐकू आला, त्याचा डावा स्पीकर फाटलाय ते आत्ता कळलं. वास पण बंद. आता एकच राहिलं, माझा जुना सायलेन्सर चांगला होता आणि तो त्याच मेकॅनिककडे पडलाय, उद्या मागायला जातोय.

गॅरेजवाला_काका
उद्या कशाला, आत्ताच जा. भंगारवाला सकाळीच येतो.