मदत हवी आहे: घरी चामड्याचा गन बेल्ट शिवतोय, घरं सैल पडतायत

माणदेशी_गडी:
नमस्कार मंडळी. आबांसाठी घरीच हाताने चामड्याचा गन बेल्ट शिवायला घेतलाय. पट्टा झाला, बक्कल लागलं, पण घरं सैल पडतायत. तीच पट्टी, तेच माप, तरी काही घट्ट आणि काही एकदम ढिली. व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलं, सगळे एकच गोष्ट दाखवतात. आबांना सोमवारी ड्यूटीवर जायचंय. ज्याने स्वतः केलंय त्यानेच सांगा. "विकत घे" हा सल्ला नको. लवकर.

टेक्सासचा_बंड्या:
चामडं किती औंसाचं आहे? गन बेल्ट एका थराचा करू नकोस, लोंबतो. मी ८ औंसाचे दोन थर चिकटवून चारी बाजूंनी शिवतो. (एक औंस म्हणजे जाडीत इंचाचा चौसष्टावा भाग, ०.४ मिमी धर.) आमच्याकडे सेंट लुईसच्या हर्मन ओकचं चामडं मिळतं, १८८१ पासूनची टॅनरी आहे, त्याला तोड नाही. कमरेचं माप बक्कलच्या घडीपासून मधल्या भोकापर्यंत घे, टोकापर्यंत घेतलंस तर फसशील. होल्स्टर उजवीकडे लावणार की क्रॉस ड्रॉ, म्हणजे डावीकडे लावून उजव्या हाताने काढायचं?

आरी_रापी:
बंडोपंत, होल्स्टर कुठून आलं? त्यांनी "घरं" लिहिलंय, म्हणजे एकेक काडतूस खोचायची घरं, काडतुसांचा पट्टा असणार.
धागाकर्ते, आधी हे सांगा: बंदूक कोणती? चामडं कुठलं, क्रोमचं (रसायनात कमावलेलं) की झाडाच्या सालीत कमावलेलं? घरांची पट्टी किती जाड? एकसलग पट्टी आहे की प्रत्येक घर सुटं?

माणदेशी_गडी:
बारा बोअर, दुनाळी. आबा माजी सैनिक आहेत, आता गार्डची नोकरी करतात. गन बेल्ट म्हटल्यावर दुसरं काय असणार? घरं १६. पट्टी एकसलग. चामडं ब्राऊन आहे.

आरी_रापी:
ब्राऊन हा रंग झाला हो. कापलेली कड उजेडात धरून बघा. मधोमध निळसर करडी रेघ दिसली तर क्रोम. आतपर्यंत एकसारखी तपकिरी असेल तर सालीचं. तरी शंका वाटली तर गंजका खिळा रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा आणि त्याचा एक थेंब तुकड्यावर टाका. सालीचं चामडं तिथल्या तिथे काळं पडतं.

फौजी_अपशिंगे:
जय हिंद. ३ इंची कॅनव्हासचा पट्टा घ्या, विषय संपला. चामडं घाम पितं, पावसाळ्यात बुरशी धरतं, काडतुसाचं पितळ हिरवं पडतं. फौजेने चामडं सोडून वेबिंग (जाड विणीच्या कापडी पट्ट्या) धरलं ते काय उगाच? वडील कोणत्या रेजिमेंटचे?

माणदेशी_गडी:
काका, विकत घेणं नको असं वरच लिहिलंय. आबांना चामड्याचाच हवाय, जुना होता तसा. मराठा लाइट इन्फंट्री.
कड आतपर्यंत तपकिरी आहे. कोल्हापूरहून आणलंय, चपलांचं, म्हशीचं.

फौजी_अपशिंगे:
मराठा! बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय. बेळगाव सेंटर म्हणजे आपलेच. कोणती बटालियन, विचारून सांगा.

हिरवी_मिरची:
कोल्हापूरहून चामडं आणलंच आहे तर आधी चपला शिवायच्या ना! हल्ली मूळ कोल्हापुरी मिळतेय कुठे, सगळी रेक्झिनची.

निपाणीचा_तंबाखू:
मूळ कोल्हापुरी हवी असेल तर अथणीला या. २०१९ चं जीआय (भौगोलिक मानांकन) महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, हे तुमच्याकडे कुणी सांगत नाही.

हिरवी_मिरची:
नाव कोल्हापुरी आणि या अथणीला! वा.

आरी_रापी:
चपलांचा वेगळा धागा काढा कुणीतरी.
माणदेशी, माल बरोबर आहे. हिरडा-बाभळीत कमावलेली म्हैस पट्ट्याला उत्तम. आता शिवण सांगा. टाके कसे घातलेत?

माणदेशी_गडी:
टाक्यांचा प्रश्न नाहीये, घरं सैल आहेत. आरीने भोक पाडून दोन सुया, एक दोरा, मेण लावून. टाका ५ मिमीचा.

टेक्सासचा_बंड्या:
टाका छान. मोच्याच्या मशिनवर नाही नेलंस ते बरं केलंस. मशिनच्या शिवणीत एक दोरा तुटला की ती उसवत जाते. दोन सुयांच्या शिवणीत दुसरा दोरा धरून ठेवतो. पण एकसलग पट्टी ही मूळ चूक. प्रत्येक घर सुटं काप. एक सैल झालं तर तेवढंच बदलता येतं.

आरी_रापी:
सुटी घरं कोपऱ्यातून उचकटतात. एकसलग पट्टीत एका घराचा ताण शेजारच्याला पोचतो. सगळे जुने पट्टे एकसलगच आहेत.

टेक्सासचा_बंड्या:
जुनं ते सगळं सोनंच का? मी स्वतः वापरतोय, एकही घर उचकटलेलं नाही.

आरी_रापी:
तुम्ही शनिवारी तासभर वापरता. गार्ड रोज आठ तास बांधतो, खुर्चीत बसतो, उठतो, स्कूटरवर वाकतो.

नियमावली:
परवान्याबद्दल कुणीच विचारलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र परवाना ३ ऐवजी ५ वर्षांसाठी असतो आणि एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात. नूतनीकरण वेळेत करा. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करायला सांगितलं तर पावती जपून ठेवा.

माणदेशी_गडी:
परवाना आहे, पाच वर्षांचाच आहे, धन्यवाद. पट्ट्याला परवाना लागत नाही.

सह्यकडा:
घराचं माप कसं काढलं? बारा बोअरचं काडतूस अंगाला साधारण २० मिमी, बुडाची कड २२ च्या वर. टाक्याच्या दोन रेघांत २२-२३ मिमी ठेवलं तर वरून पट्टी ५५ मिमीच्या आसपास लागते, जाडीप्रमाणे कमी-जास्त.

माणदेशी_गडी:
माप काढायची गरजच नाही. पट्टी ओली करायची, काडतूस घालायचं, वरून लाकडी ठोक्याने दोन्ही बाजूंनी ठोकून बसवायचं आणि मग टाका. सगळ्या घरांना तेच काडतूस फिरवलंय.

फौजी_अपशिंगे:
जिवंत काडतूस??? ठोक्याने???

सह्यकडा:
अरे देवा. आधी ते बाजूला ठेव, मग पुढचं वाच.

माणदेशी_गडी:
बुडाच्या टोपीवर, जिथे घोडा आपटून बार उडतो तिथे, कुठे मारतोय? बाजूनेच तर ठोकतो.

आरी_रापी:
बाजूनेही नाही आणि हळूही नाही. ठोका एकदा निसटला की तो बुडावर बसायला वेळ लागत नाही. शिवाय ओल्या चामड्यात काडतूस दाबायचंच नसतं, पितळ लगेच डाग धरतं.
इलेक्ट्रिकच्या दुकानातून वायरिंगचा २० एमएमचा पाइप आणा. बाहेरून तो नेमका २० मिमीच असतो. त्यावर चिकटपट्टीचा एक वेढा द्या, चार चार इंचाचे तुकडे कापा आणि सगळ्या घरांत एकाच वेळी घालून सावलीत वाळवा, उन्हात नको. ठोकायची गरज नाही, हाडाच्या किंवा गुळगुळीत लाकडी पट्टीने कडेला दाबत जायचं.

सुतळी_तोडा:
एवढं कशाला? सैल घरांवर उकळतं पाणी ओता, चामडं आपोआप आवळतं. आमच्या ढोलाची वादी अशीच केली होती.

आरी_रापी:
आवळतं, आणि वाळल्यावर लाकडासारखं कडक होऊन टाक्यापाशी तडकतं. सालीच्या चामड्याला उकळतं पाणी अजिबात नको.

मुळामुठा:
काडतुसं खडकीची का? बुडाला केएफ असतं ती. आमचे आजोबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. १८६९ सालची फॅक्टरी, आता २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेली. तेव्हा कागदी काडतुसं असायची, पावसाळ्यात फुगून नळीत जायचीच नाहीत.

माणदेशी_गडी:
हो केएफच. प्लास्टिकची. पण माझा प्रश्न अजून तिथेच आहे. एकाच मापाने केलेली घरं वेगवेगळी कशी?

सह्यकडा:
सैल घरं मध्ये मध्ये विखुरलेली आहेत की एकाच बाजूला?

माणदेशी_गडी:
एकाच बाजूला. बक्कलकडची सहा-सात पक्की बसलीत, काडतूस उलटं केलं तरी पडत नाही. मधली बरी. शेवटची पाच तर हलवली की काडतूस खाली. शिवली तेव्हा ही पण घट्ट होती, दोन दिवस काडतुसं घालून ठेवली आणि ढिली पडली.

आरी_रापी:
हे पहिल्या पोस्टीत लिहिलं असतं तर! पट्टी कातड्यातून कशी कापली? पाठीच्या कण्याला समांतर की आडवी?

माणदेशी_गडी:
आडवी. अर्धं कातडं होतं, त्यातून लांबीचा पट्टा निघाला आणि जे उरलं त्यातून घरांची पट्टी. पाठीकडून खाली पोटापर्यंत बरोबर लांबी मिळाली, जोड द्यावा लागला नाही.

आरी_रापी:
मग झालं. पाठीचं चामडं घट्ट विणीचं, पोटाचं सैल विणीचं. पोटाकडचा तुकडा दोन्ही हातांनी ताणून बघा, रबरासारखा येतो आणि परत जात नाही. तुमची एकच पट्टी एका टोकाला पाठ आहे आणि दुसऱ्या टोकाला पोट. माप कितीही नेमकं घ्या, शेवटची घरं सैलच पडणार. चपलेच्या तळालासुद्धा पोटाचं चामडं कुणी घेत नाही.

टेक्सासचा_बंड्या:
+१. आता पटलं ना, सुटी घरं पाठीच्या तुकड्यांतून कापली असती तर हे झालंच नसतं?

आरी_रापी:
बंडोपंत, तुमचं अर्धं बरोबर.
माणदेशी, असं करा. पक्की घरं तशीच राहू द्या. शेवटची पाच उसवा आणि पट्टी एका शिवणीच्या आत कापा. पाठीकडचा फूटभर लांब, दीड इंच रुंद तुकडा घ्या, जाडी २ मिमीच्या आसपास. ओला करा, एक टोक बांधा, दुसऱ्याला दोन-तीन किलो वजन लावून रात्रभर टांगा. जेवढं ताणायचं तेवढं तिथेच ताणून जाईल. मग जोडाच्या जागी दोन्ही टोकं रापीने (चामडं तासायच्या सुरीने) उतरती तासा, एकावर एक घ्या म्हणजे उंचवटा येणार नाही, आणि पाइप घालून शिवा. जुन्याच भोकांतून शिवायचं, पट्ट्याला नवी भोकं पाडलीत तर तिथे फाटेल.

माणदेशी_गडी:
पाठीचा तुकडा शिल्लक आहे, पण त्यावर एका जागी गोचिडीचे डाग आहेत. चालेल?

आरी_रापी:
डाग चालतील. कातडं सोलताना सुरीचा काप गेला असेल तर तेवढं सोडा.

फौजी_अपशिंगे:
पट्टा झाला की ड्यूटीवरून आल्यावर काडतुसं काढून डब्यात ठेवायची, पट्ट्यात नाही. हिरवा थर घरात चिकटून बसतो आणि ऐन वेळी काडतूस निघत नाही. आणि बटालियन सांगितली नाहीत अजून.

माणदेशी_गडी:
आबा म्हणतात सातवी. तुम्ही?
आरी दादा, तुकडा भिजवून टांगलाय, इस्त्रीचं वजन लावलंय. तेल कधी लावायचं, शिवायच्या आधी की नंतर?

आरी_रापी:
नंतर, पूर्ण वाळल्यावर, आणि घरांना अगदी नावाला. जास्त पाजलंत तर पाठीचं चामडंही सैल पडेल. पट्ट्याला मात्र दोन्ही बाजूंनी हात फिरवा.

सुतळी_तोडा:
खोबरेल चालेल का?

हिरवी_मिरची:
चपलांना एरंडेल लावतात. अथणीला काय लावतात ते निपाणीकर सांगतीलच.