शब्दचर्चा: 'क्लीन अँड सिंपल' कार्डाला मराठीत काय म्हणायचं?

कातरकाम
हाताने भेटकार्डं करणाऱ्या आमच्या छोट्या गटाची स्पर्धा आहे. नियम मराठीत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यात एक विभाग 'क्लीन अँड सिंपल' शैलीचा. करणारे नुसतं 'कॅस' म्हणतात. मी फार विचार न करता लिहून टाकलं, 'स्वच्छ व साधी कार्डे'.

परवा पहिल्या तीन प्रवेशिका आल्या. एकीनं पांढऱ्या जाड कागदाला मधोमध घडी घालून आत चार ओळी लिहिल्यात, बस्स. दुसरं कार्ड फुलं, टिकल्या, लेस, रिबीन यांनी खच्चून भरलेलं आणि सोबत चिठ्ठी: 'कुठेही गोंदाचा डाग नाही, तपासून घ्यावे.' तिसरीनं कार्ड पाठवलं, वर फोन करून विचारलं, 'साधी म्हणजे नवशिक्यांचा गट ना?'

तिघींचंही काही चुकलं नाही. चुकला माझा शब्द. मला म्हणायचं होतं ते असं: एखादं चित्र, एक ओळ मजकूर, बाकी कागद मोकळा, पण तो मोकळा ठेवलाय, राहिलेला नाही. याला एक शब्द सुचवा. नियम रविवारी छापायला द्यायचेत.

तिरपी मात्रा
सुटसुटीत. विषय संपला.

कातरकाम
जवळ आहे, पण सुटसुटीत म्हटलं की मला सामान आठवतं. किंवा वाक्य. सुटसुटीत कार्ड म्हणजे पाकिटात पटकन सरकणारं, असं वाटतं.

गोंदबोट
मुळात 'साधं' हा शब्दच घात करतो. मराठीत 'साधं' म्हटलं की पुढे न बोललेला 'च' असतो. साधंच आहे. मी एका नातेवाईक बाईंना असं कार्ड दिलं होतं. खालच्या कोपऱ्यात एक पान, त्याच्या वर बारीक ठशात 'आठवण येते', बाकी पूर्ण पांढरं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि मायेनं विचारलं, 'वेळ कमी पडला का गं?'

बोरू
नवे शब्द कशाला शोधता? दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे, तो काढून बघा. 'भोंवतें स्थळ सोडून द्यावें । मधेंचि चमचमित ल्याहावें ।' म्हणजे चारी बाजूंनी जागा सोडा आणि मध्ये ठळक, झळझळीत लिहा. तुमच्या कॅसवाल्यांचं याहून वेगळं काय म्हणणं आहे? त्याच समासात 'नेमस्त पैस' आहे. मोकळ्या जागेला पैस म्हणा आणि या शैलीला नेमस्त. नेमून ठेवलेलं, मापात असलेलं. कातरकामताईंना 'ठेवलेलं' आणि 'राहिलेलं' यातला जो फरक हवाय तो या शब्दात आयता आहे.

विसर्ग
बोरूसाहेब, ओवीचा उत्तरार्ध सोयीस्कर गाळलात. 'कागद झडतांहि झडावें । नलगेचि अक्षर ॥' कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागू नये म्हणून समास सोडायचा. पोथी टिकावी ही काळजी आहे ती, मांडणीचं सौंदर्यशास्त्र नाही. शिवाय तिथला 'पैस' अक्षरांमधल्या अंतराबद्दल आहे.

आणि 'नेमस्त' म्हटलं की मला टिळकांच्या विरोधातला पक्ष आठवतो. नेमस्त कार्ड असेल तर जहाल कार्ड कुठलं? टिकल्यांचं?

तिरपी मात्रा
जहाल कार्ड! मी आजपासून हाच शब्द वापरणार.

बोरू
कारण टिकाऊपणाचं असलं म्हणून रूप बदलत नाही. पागोळ्या पडाव्यात म्हणून छप्पर उतरतं करतात, तरी ते देखणं दिसतंच. आणि शब्दाला एकदा राजकारणाचा वास लागला म्हणून तो टाकून द्यायचा असेल तर 'मवाळ'ही टाका.

पांढरी शाई
मी पंधराएक वर्षं कार्डं करते, त्यामुळे शब्दापेक्षा वस्तूबद्दल आधी बोलते. 'क्लीन' हा एक शब्द नाही, दोन आहेत, आणि कातरकामच्या दुसऱ्या स्पर्धक बाईंनी त्यातला एक अगदी बरोबर पकडला.

पहिला मांडणीचा: कमी गोष्टी, त्यांच्यात श्वास घेण्याइतकं अंतर. दुसरा हाताचा. भरगच्च कार्डात ठसा तिरका बसला किंवा शाईचं बोट लागलं तर त्यावर एक फूल चिकटवलं की झालं. एकाच थराच्या पांढऱ्या कार्डावर लपायला जागा नसते. ओळ एक मिलिमीटर कलली तरी पाकिटातून काढताक्षणी दिसते. उष्णतेनं एम्बॉसिंग करताना (ओल्या शाईच्या ठशावर पावडर टाकून ती तापवून ठसा उठावदार करताना) कागदावर स्थिर विद्युत किंवा बोटांचा ओलसरपणा असला तर पावडरीचे सुटे कण नको तिथे चिकटतात आणि तापवल्यावर तिथेच वितळून पक्के होतात. म्हणून आधी कागदावर अँटिस्टॅटिक पूड फिरवायची, नंतर कोरड्या बारीक ब्रशनं एकेक कण उचलायचा. पिगमेंट शाई सावकाश वाळते म्हणून ती एम्बॉसिंगला बरी. पण तेवढ्याच कारणानं मनगट घासून कार्ड वाया जायचं ते तिच्यामुळेच. या अर्थानं 'स्वच्छ' हा शब्द मुळीच चूक नाही. फक्त तो निम्मा आहे.

आता मोकळ्या जागेबद्दल. रिकामं, कोरं आणि मोकळं हे तीन शब्द आपण एकात एक घालतो. रिकामं म्हणजे काहीतरी असायला हवं होतं, ते नाही (रिकामी खुर्ची). कोरं म्हणजे अजून हात लागलेला नाही. मोकळं म्हणजे आधी अडकलेलं होतं ते सोडवलं: मोकळे केस, मोकळा गळा. गोंदबोटच्या बाईंना कार्ड रिकामं दिसलं, पहिल्या स्पर्धक बाईंनी कोरं पाठवलं, आणि हवं होतं मोकळं.

गोंदबोट
हे पटलं. मग 'मोकळी कार्डे' लिहायचं?

कातरकाम
'मोकळी कार्डे' म्हणजे पाकिटाशिवायची वाटतील ना!

घडीव
थोडं वाकड्या वाटेनं येतो. 'सिंपल' लॅटिन 'सिंप्लेक्स'वरून आला, आणि त्याचा शब्दशः अर्थ 'एक घडीचा'. 'प्लेक्स' म्हणजे घडी, पदर. 'कॉम्प्लिकेटेड' म्हणजे एकात एक दुमडून ठेवलेलं. 'डुप्लेक्स' दुहेरी घडीचा. ग्रीकमधला 'डिप्लोमा'सुद्धा दुमडलेला कागदच. आता बघा, भेटकार्ड म्हणजे तरी काय? एकदा दुमडलेला कागद. व्युत्पत्तीनं पाहिलं तर प्रत्येक कार्ड सिंपलच! मराठीत यासाठी एकपदरी आहे की. एकपदरी दोरा, एकपदरी हार. 'एकपदरी कार्ड' म्हटलं की एकच थर, एकच कल्पना, दोन्ही आलं.

विसर्ग
व्युत्पत्ती झकास, पण शब्दाचा मूळ अर्थ म्हणजे आजचा अर्थ नव्हे. नाहीतर 'स्वच्छ' म्हणजे सु + अच्छ, आणि अच्छ म्हणजे पारदर्शक, म्हणून काचेची कार्डं करायची का?

पांढरी शाई
अ‍ॅसिटेटची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची, करतातच लोक. :)
पण घडीव, 'एकपदरी'त एक अडचण आहे. या शैलीत एकच थर असावा असं बंधन नाही. समजा कार्ड सव्वाचार बाय साडेपाच इंचाचं आहे आणि त्यावर 4 बाय सव्वापाचचा रंगीत तुकडा लावला, तर चारी बाजूंनी एक अष्टमांश इंच पांढरी किनार राहते. दोन थर झाले, तरी दिसायला अगदी शांत. फोम टेपवर (जाड, स्पंजी चिकटपट्टीवर) उचललेलं एकुलतं एक पान, त्याची बारीक सावली, तेही बसतं. काही जण अशांना 'क्लीन अँड लेयर्ड' म्हणून वेगळं काढतात. मी नाही काढत. किती गोष्टी आहेत ते मोजून शैली ठरत नाही. नजर आधी कुठे पडते आणि मग कुठे जाते, हे न शोधता कळलं पाहिजे.

तिरपी मात्रा
म्हणजे बाळबोध! नाही? सहज वाचता येईल असं.

बोरू
बाळबोध आज टोमणा झालाय. 'बाळबोध मांडणी' असं स्पर्धेच्या नियमात लिहा, एकही प्रवेशिका येणार नाही. 'नेटकं' तरी घ्या. प्रपंच नेटका करावा असं समर्थ सांगतात, तो अपुरा करावा असं नव्हे. आणि हो, 'साधा' संस्कृत 'साध्'पासून आलेला आहे, साधलेला तो साधा. त्यात कमीपणा वाटतो तो आपला दोष.

विसर्ग
अहो, तो फारसी 'सादा' आहे! बिनरंगाचा, बिननक्षीचा. 'साध्'चा काय संबंध?

बोरू
'सादा' फारसी, मान्य. 'साधा'तला ध कुठून आला ते सांगा.

विसर्ग
बोलताना. लोकांच्या तोंडून.

बोरू
लोकांच्या तोंडून काहीही येतं. म्हणूनच 'कार्ड' आलं. शुभेच्छापत्र म्हणायला कुणाची जीभ झडते का?

घडीव
बोरूजी, 'कागद' आणि 'शाई' फारसीतून आलेत. ते काढले तर शुभेच्छापत्र कशावर आणि कशानं करायचं? शिवाय सगळ्याच कार्डांवर शुभेच्छा नसतात. सांत्वनाचं शुभेच्छापत्र कसं म्हणणार?

गोंदबोट
याच शैलीचं सांत्वनाचं कार्ड सर्वांत चांगलं होतं, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. तिथे 'वेळ कमी पडला का' असं कुणी विचारत नाही. वाढदिवसाच्या कार्डावर तीच मोकळी जागा कंजूष दिसते आणि दुःखाच्या कार्डावर आब राखते. का, ते मला अजून उमगलेलं नाही.

पांढरी शाई
मजकुरामुळे. आपण कार्डावरच्या ओळीला 'सेंटिमेंट' म्हणतो ना, त्याची मराठीत लोकांनी 'सेंटी' केली आणि चेष्टा झाली. पण एकच ओळ असली की तिला सगळं वजन पेलावं लागतं. 'हॅपी बर्थडे'ला ते पेलत नाही, 'मी आहे' या दोन शब्दांना पेलतं.

कातरकाम
सगळ्यांचे आभार. रविवार उलटला. शेवटी मी शीर्षक 'नेटकी, मोकळी कार्डे' ठेवलं आणि खाली लिहिलं: 'चित्र व मजकूर मोजका असावा. सोडलेली जागा मांडणीचा भाग असावी. एकच थर असण्याची अट नाही. डाग व कललेले ठसे यांचे गुण कापले जातील.' तिघींनाही पुन्हा कार्ड पाठवायची मुभा दिली. एक शब्द काही मिळाला नाही. पण नियम क्र. 5 मध्ये मी 'कार्डाची घडी सरळ मारलेली असावी' असं लिहिलंय, ते तरी ठीक आहे ना?

विसर्ग
घडी मारतात? घडी घालतात.

घडीव
कापडाची घालतात. जाड कागदाची आधी बोथट टोकानं रेघ ओढून मग पाडतात. घडी पाडणे.

तिरपी मात्रा
आमच्याकडे मारतातच. घडी मार आणि ठेव.

बोरू
घालणे. आणि घातलेली पहिल्यांदा उलगडली की घडी मोडणे. 'पाडणे' हे खड्ड्यांसाठी राखून ठेवा.

घडीव
चुणी पाडत नाहीत का मग? त्या काय खड्डे असतात?